करमणे, झुरणे आणि हाय खाणे : भोर-वेल्हे परिसरातील विस्थापितांचे नैराश्य व साथीचा काळ

'निर्वासित' हा शब्द मराठीच्या नित्य वापरात आला तो १९४७ च्या फाळणीनंतर. सिंधमधून आलेल्या कुटुंबांच्या वसाहती कल्याणजवळ आणि पुण्याशेजारी पिंपरीस उभ्या राहिल्या, आणि सरहद्द ओलांडून आश्रयास आलेला मनुष्य हा या शब्दाचा अर्थ वाचकांच्या मनात पक्का झाला. निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करारही सरहद्दीची हीच अट घालतो. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. परंतु ज्याने कोणतीही सरहद्द ओलांडली नाही आणि तरीही ज्याचे घर, शेत, स्मशान व ग्रामदेवता ही सर्व पाण्याखाली गेली, त्यास काय म्हणावे? संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत देशांतर्गत विस्थापितांचा विचार करताना मोठ्या विकासप्रकल्पांमुळे होणाऱ्या विस्थापनाचाही उल्लेख केलेला आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने अशा व्यक्तीस 'प्रकल्पबाधित' म्हटले, वृत्तपत्रांनी 'प्रकल्पग्रस्त' म्हटले, आणि लोक स्वतःला 'धरणग्रस्त' म्हणवितात.

या शेवटच्या शब्दातील 'ग्रस्त' हे पद लक्षणीय आहे. ग्रहणात सूर्य ग्रस्त होतो, म्हणजे गिळला जातो. पुढे हेच पद दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, रोगग्रस्त अशा समासांत रुळले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुणे शहरात हजारो लोक पूरग्रस्त झाले. त्याच धरणापायी वेल्ह्याच्या खोऱ्यातील लोक धरणग्रस्त ठरले होते. पहिल्या शब्दाने पुण्यात वसाहतींना नावे दिली आणि जुलै महिना आला की वृत्तपत्रांत त्याची आठवण निघते. दुसऱ्याच्या वाट्यास इतकी आठवण आलेली नाही. २०२० मध्ये 'कोरोनाग्रस्त' हा आणखी एक समास आला, आणि त्याच्या मागोमाग 'नैराश्यग्रस्त' हा समास छापील मजकुरात वारंवार दिसू लागला. ही तिन्ही विशेषणे ज्यास एकाच वेळी लागू पडतील असा मनुष्य या तालुक्यांत किंवा तेथून उठून गेलेल्या वस्त्यांत सहज असू शकतो. तो आपली अवस्था कोणत्या शब्दांत सांगतो, आणि ते शब्द ऐकणाऱ्याच्या नोंदवहीत उतरतात की गळून पडतात, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानाचे ठाणे होते. नीरा आणि वेळवंडी या नद्यांची खोरी भोर तालुक्यात येतात; आंबी, मोसे आणि कानंदी या नद्या वेल्हे तालुक्यात उगम पावतात किंवा वाहतात. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. येथे ज्या काळाविषयी लिहावयाचे आहे त्या काळाचे नाव म्हणून वेल्हे हेच ठेवले आहे. पाऊस भरपूर, उतार तीव्र, सपाट जमीन थोडी आणि तीही नदीकाठाला, अशी या मुलखाची ठेवण आहे. धरणास अनुकूल अशी जी जागा, तीच नेमकी भाताच्या खाचरांची व गावठाणांची जागा. भाटघर येथे नीरा कालव्यांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धरण झाले आणि १९२० च्या दशकात त्याची जागा अधिक उंचीच्या लॉइड धरणाने घेतली. आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगाव, नीरेवर नीरा-देवघर, कानंदीवर गुंजवणी प्रकल्पाचे धरण, अशी ही मालिका वाढत गेली. शेजारच्या मुळशीत १९२१ पासून सेनापती बापट प्रभृतींनी केलेला सत्याग्रह महाराष्ट्रास ठाऊक आहे. भोर-वेल्ह्यातील उठवणुकीस असे प्रसिद्ध नाव लाभले नाही.

उठलेले लोक दोन दिशांनी गेले. काही जण पाण्याच्या रेषेच्या वर, डोंगराच्या अंगास सरकले. गाव बुडाले तरी गावाचे पाणी त्यांच्या डोळ्यांसमोर राहिले. काहींना कालव्याच्या लाभक्षेत्रात जमिनी मिळाल्या. पानशेत व वरसगावच्या विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे याप्रमाणे दौंड तालुक्यात गेली. भात, नाचणी आणि वरी पिकविणारा मनुष्य काळ्या, सपाट, कमी पावसाच्या रानात आला. 'खाचर', 'वरकस', 'दळी' हे शब्द त्याच्या तोंडी राहिले. त्या शब्दांनी दाखविण्यासारखी वस्तू मात्र समोर उरली नाही. तिसरी एक दिशा आधीपासून होतीच, ती मुंबईची. डोंगरातील थोड्या जमिनीवर घर चालत नाही म्हणून घरटी एखादा पुरुष मुंबईस किंवा पुण्यास असणे ही या मुलखाची जुनी रीत आहे. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण वेल्हे तालुक्याची लोकसंख्या पंचावन्न हजारांच्या आत भरली, यावरून मनुष्यबळाच्या या ओहोटीची कल्पना येते.

आता साथीकडे वळू. महाराष्ट्रातील पहिले कोरोना रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. देशभर टाळेबंदी सुरू झाली ती २५ मार्च रोजी, आणि त्या दिवशी गुढीपाडवा होता. ही केवळ पंचांगातील योगायोगाची बाब म्हणून सोडून देता येणार नाही. मावळातील गावोगावच्या जत्रा चैत्र-वैशाखात भरतात. धरणामुळे पांगलेले गाव वर्षातून एकदा पुन्हा गाव म्हणून एकत्र येते ते या जत्रेला. दौंडचा, मुंबईचा, डोंगरावरचा असा तिन्ही ठिकाणचा भावकीचा माणूस त्या दिवशी एका देवळापुढे उभा राहतो. उन्हाळ्यात भाटघरचे पाणी ओसरले की वेळवंड खोऱ्यातील कांबरेश्वराचे बुडालेले देऊळ उघडे पडते आणि लोक ते पाहावयास जातात. विस्थापिताच्या दुःखास वर्षातून एकदा वाट मिळण्याची ही व्यवस्था कोणी आखलेली नव्हती, परंतु ती चालत होती. २०२० चा चैत्र टाळेबंदीत गेला. २०२१ मध्ये पाडवा १३ एप्रिलला आला आणि १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागू झाले. निर्बंध पूर्णपणे उठले ते २ एप्रिल २०२२ रोजी, म्हणजे पुन्हा पाडव्यासच. मधले दोन्ही चैत्र रिकामे गेले.

शोकाचेही तसेच झाले. अंत्यविधीस वीसपेक्षा अधिक माणसे असू नयेत असा नियम होता. खेड्यात 'मातीला जाणे' आणि 'सावडायला जाणे' ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत, आणि त्यांनंतर दहाव्याला जाणे हे तिसरे. ज्याची माती वीस जणांत, किंवा शहरातल्या विद्युतदाहिनीत, आप्तांच्या गैरहजेरीत झाली, त्याच्या घरी ही तिन्ही कर्तव्ये अर्धवट राहिली. मुंबईहून परतलेल्यांना गावच्या शाळेत किंवा समाजमंदिरात चौदा दिवस ठेवीत. सरकारी मराठीने यासाठी 'विलगीकरण' आणि 'अलगीकरण' असे दोन शब्द दिले. ग्रामीण मनास मात्र या प्रकारासाठी 'वाळीत टाकणे' हा एकच शब्द पूर्वीपासून ठाऊक होता. 'सामाजिक अंतर' या शब्दप्रयोगाविषयी तर, ज्या समाजात असे अंतर शतकानुशतके पाळले गेले, तेथे तो सुचावा कसा याचे नवल वाटते.

साथ आणि मन यांचा संबंध जगभर मोजला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये असे सांगितले की, साथीच्या पहिल्या वर्षात चिंता व नैराश्य यांचे जागतिक प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२० या वर्षात तीव्र नैराश्याचे सुमारे ५ कोटी ३२ लाख रुग्ण साथीमुळे वाढले. स्त्रिया आणि तरुण यांत ही वाढ अधिक होती. निर्वासित व संघर्षपीडित लोकांविषयीच्या अनेक पाहण्या एकत्र करून २००९ मध्ये जो अभ्यास झाला, त्यात नैराश्याचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास आढळले होते. म्हणजे साथ येण्यापूर्वीच या लोकांवरचा भार मोठा होता. भारतापुरते पाहावयाचे तर बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेली राष्ट्रीय पाहणी महत्त्वाची आहे. नैराश्य असणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नाहीत, असा तिचा निष्कर्ष आहे. ती पाहणी बारा राज्यांत झाली. त्यांत महाराष्ट्र नव्हता.

हे ८५ टक्के उपचारांपर्यंत का पोचत नाहीत, याची डॉक्टरांची टंचाई, अंतर, खर्च, लोकलज्जा अशी कारणे सांगितली जातात, आणि ती खरीच आहेत. भाषेच्या अभ्यासकास त्यांत आणखी एक कारण दिसते. आपणास काय होते आहे हे रुग्ण सांगतच असतो. परंतु ज्या व्याकरणात तो ते सांगतो, त्या व्याकरणात त्यास विचारले जात नाही.

'नैराश्य' हा शब्दच घ्या. 'निराशा'वरून साधलेले हे भाववाचक नाम आशेचा अभाव सांगते. ते एका स्थितीचे नाव आहे, वेदनेचे नव्हे. बोलीत त्याचा उपयोग जवळजवळ नाही. हिंदीतील 'अवसाद' मराठी कानास परका. 'विषाद' हा शब्द गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या नावामुळे परिचित आहे, आणि तेथे अर्जुनाची अवस्था अंग गळणे, तोंड कोरडे पडणे, हातातील धनुष्य निसटणे अशा शरीराच्या खुणांनी वर्णिलेली आहे. पण तोही पोथीतच राहिला. 'उदास' हा शब्द बोलीत आहे खरा, परंतु वारकरी परंपरेत उदास असणे, म्हणजे प्रपंचात न गुंतणे, हा गुण समजला जातो. माळकरी वृद्धास 'उदास वाटते का?' असे विचारले तर तो कोणत्या अर्थाने होकार देईल, हे सांगणे कठीण. 'डिप्रेशन' हा शब्द तरुणांत रुळला आहे आणि 'टेन्शन' सर्वांतच. 'टेन्शन'ला लाज चिकटलेली नाही, हा त्याचा मोठा उपयोग. परंतु वीजबिलापासून मृत्यूपर्यंत सर्व काही त्या एका शब्दात सामावत असल्याने निदानास त्याचा आधार थोडा. पंडिती शब्दांची अशी गत पूर्वीही झालेली आहे. १८९६-९७ च्या प्लेगला छापील मराठीत 'ग्रंथिक सन्निपात' म्हटले गेले. लोकांनी प्लेगच म्हटले. १९१८ च्या इन्फ्लुएंझास त्यांनी 'मानमोडी' हे नाव दिले, आणि त्यात रोगाचे लक्षण अचूक होते.

मग लोक काय म्हणतात? देशावरील ग्रामीण मराठीत, आणि म्हणून या खोऱ्यांतही, या अवस्थेचे पहिले वाक्य 'करमत नाही' हे आहे. 'करमणे' हे क्रियापद 'क्रमणे'शी, म्हणजे वेळ क्रमिण्याशी, जोडले जाते. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. 'मला करमत नाही' यात अनुभव घेणारा कर्ता म्हणून प्रथमेत येत नाही, तो चतुर्थीत येतो. अवस्था त्याच्याकडे येते, तो ती करीत नाही. शिवाय हे क्रियापद स्थळाची किंवा संगतीची अपेक्षा करते: 'इथं करमत नाही', 'त्याच्यावाचून करमत नाही'. स्थळ उच्चारले नाही तरी ते गृहीत असते. म्हणजे मराठी भाषकाच्या दृष्टीने हा बिघाड एकट्या मनातला नसतो; माणूस आणि जागा यांच्या सांध्यातला असतो. विस्थापिताच्या दुःखाचे याहून नेमके वर्णन शास्त्रीय परिभाषेतही सापडणे कठीण. योहानेस होफर या स्विस वैद्याने १६८८ मध्ये परतणे आणि वेदना या दोन ग्रीक शब्दांपासून 'नॉस्टॅल्जिया' हे नाव घडविले, ते घर सोडून गेलेल्यांच्या आजाराचे नाव म्हणूनच. मराठीत त्याकरिता नाम घडविण्याची गरज पडली नाही, क्रियापद तयार होते.

'करमत नाही' आणि 'करमेना' यांतही भेद आहे. 'करमत नाही' हे वस्तुस्थिती सांगते. 'करमेना', किंवा या भागातील उच्चाराप्रमाणे 'करमंना', हे रूप प्रयत्न गृहीत धरते. 'दार उघडेना' असे आपण केव्हा म्हणतो? ढकलून पाहिल्यावर. तसेच 'करमंना' म्हणणाऱ्याने करमवून घेण्याचा प्रयत्न करून पाहिलेला असतो आणि तो फसलेला असतो. 'झोप येईना', 'घास उतरेना', 'काही सुचेना' ही वाक्ये त्याच जातीची. ऐकणाऱ्याने हा 'ना' ऐकला पाहिजे.

याहून महत्त्वाचे आहे ते शक्य क्रियापद. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून शालेय पुस्तकांपर्यंत सर्वत्र त्याचे विवेचन आढळते: 'मला चालवते', 'त्याला जेववत नाही'. 'मी उठत नाही' यात इच्छा नाही असा अर्थ निघू शकतो, आणि घरचे लोक तोच काढतात. आळशी म्हणून, नाटके करतो म्हणून त्यास बोल लावतात. 'मला उठवत नाही' यात इच्छा आहे, शरीरही धड आहे, तरी क्रिया घडत नाही, असा अर्थ आहे. नैराश्याचे जे लक्षण वैद्यास समजावून सांगताना रुग्णाची दमछाक होते, त्यासाठी मराठीने एक स्वतंत्र क्रियारूपच राखून ठेवले आहे. 'बोलवत नाही', 'बघवत नाही', 'घास गिळवत नाही', 'अंथरुणातून उठवत नाही' अशी वाक्ये एका माणसाच्या तोंडून एकापाठोपाठ येऊ लागली, तर ऐकणाऱ्याने थांबून पुढचे विचारावे. 'हातपाय दुखतात', 'अंगात त्राण नाही' ही वाक्ये त्यांच्या सोबतीला असतातच, आणि दवाखान्यातल्या चिठ्ठीवर बहुधा तेवढीच उतरतात.

करमत नसलेला मनुष्य पुढे 'झुरतो' किंवा 'कुढतो'. झुरणे हे हरवलेल्या वस्तूसाठी वा व्यक्तीसाठी असते आणि ते शरीरावर दिसते. कुढणे हे आतल्या आत असते व त्याचे कारण बहुधा बोलून दाखविले जात नाही. झिंबाब्वेतील शोना भाषेत अतिविचार या अर्थाचा 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, आणि तेथील संशोधकांनी १९९० च्या दशकात शोना लोकांच्याच शब्दांवरून प्रश्नावली तयार केली. 'कुढणे' हा त्याचा मराठीतील जवळचा सोयरा म्हणता येईल.

आणि शेवटी येते 'हाय खाणे'. 'त्यानं जमिनीची हाय खाल्ली' या वाक्यात मनुष्य प्रथमच कर्ता झालेला आहे. पण तो खातो काय, तर स्वतःचा उसासा. 'हाय खाऊन गेला' हे मृत्यूचे कारण सांगणारे पूर्ण वाक्य आहे. त्यानंतर कोणी दुसरे कारण विचारीत नाही. येथे भाषेची सूक्ष्मता जिवावर उठते. करमत नसले तर उपाय असतो, कोणी सोबतीस येतो, चार दिवस बहिणीकडे पाठवितात. झुरणाऱ्यास समजावतात, देवाला कौल लावतात. परंतु हाय खाल्लेल्यास औषध नाही अशी समजूत आहे, म्हणून त्यास दवाखान्यात नेत नाहीत. वैद्यकाच्या दृष्टीने हीच अवस्था तीव्र नैराश्याची असू शकते आणि तीवर उपचार आहेत. साथीच्या दोन वर्षांत पहिल्या दोन पायऱ्यांवरचे उपायही तुटले: सोबतीस येणारा येऊ शकत नव्हता, बहिणीचे गाव दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर २०२० च्या सप्टेंबरपर्यंत परवाना लागत होता, आणि देऊळ बंद होते.

स्त्रियांची तर आणखी एक वाट त्यापूर्वीच बंद झाली होती. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे, आणि त्यांत पुणे जिल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यातील ओव्यांचा वाटा मोठा आहे. माहेर, वाट, डोंगर आणि जीव यांविषयी पहाटे एकटीने किंवा जोडीने गाऊन मोकळे होण्याची ती रीत पिठाच्या गिरणीबरोबर मागे पडली. तिचे पुनरुज्जीवन करावे असे म्हणण्यात अर्थ नाही. दळण्याचे कष्ट परत यावेत असे कोणतीही स्त्री म्हणणार नाही. पण जे त्या वेळी सांगितले जात होते ते आता कोठे सांगितले जाते, हा प्रश्न उरतोच.

दवाखान्यात व पाहण्यांत नैराश्य ओळखण्यासाठी जी नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते ती २००१ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाली. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असे प्रत्येक प्रश्नाचे स्वरूप, शून्य ते तीन असे गुण, एकूण सत्तावीस, दहा वा अधिक गुण झाल्यास पुढील तपासणी. साधन उपयुक्त आहे आणि त्याची मराठी भाषांतरेही झाली आहेत. तथापि भाषांतर करताना काही ठिकाणी जपून पाऊल टाकावे लागते. पहिला प्रश्न कामांतील रस व आनंद यांविषयी आहे. भातलावणी करणारी स्त्री कामात रस वाटतो की नाही याचा विचार करून काम करीत नसते. 'कामात जीव लागतो का?', 'हात चालतो का?' असे विचारले तर ती बरोबर उत्तर देईल. प्रश्नांत स्थळ कोठेच नाही. 'करमते का?' असा प्रश्न घातला तर उत्तर येईल, 'कुठं? इथं?' आणि मग जे सांगितले जाईल त्यातच बहुधा दोन आठवड्यांचा नव्हे, तीस वर्षांचा हिशेब असेल.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'करमत नाही' म्हणणारा प्रत्येक धरणग्रस्त रुग्ण नव्हे. ज्याची जमीन गेली आणि बदली जमीन खडकाळ निघाली, किंवा ज्याच्या नव्या गावठाणात पाणी नाही, त्याचे दुःख हे आधी तक्रार आहे आणि तिचा निकाल तहसील कचेरीत लागावयाचा आहे. त्यास गोळी देणे म्हणजे त्याची तक्रार निकालात काढणे होय. याउलट, 'धरणग्रस्त आहे, त्याला गावाची आठवण येणारच' असे म्हणून प्रत्येक 'करमंना' सोडून देणे हीही तितकीच मोठी चूक. दोहोंतील भेद ओळखण्याची एक खूण भाषेतच आहे. 'जमीन गेली', 'गाव पाण्याखाली गेलं' असे अकर्मक क्रियापदाने बोलणारा मनुष्य घडलेली घटना सांगत असतो. तोच जेव्हा 'मी जमीन घालवली', 'पोरांचं वाटोळं केलं' असे सकर्मकाने बोलू लागतो, तेव्हा दोष त्याने स्वतःकडे घेतलेला असतो. स्वतःस दोषी व निकामी मानणे हे त्या नऊ प्रश्नांपैकी सहाव्याचे सूत्र आहे. मुंबईतील रोजगार बुडून परतलेल्या तरुणाच्या तोंडी हाच बदल 'काम सुटलं' आणि 'घराला भार झालो' या दोन वाक्यांच्या अंतरात ऐकू येतो. कातकऱ्यांच्या बाबतीत आणखी एक पायरी वाढते. त्यांची घरची बोली वेगळी असल्याने प्रमाण मराठीतील प्रश्न हा त्यांच्यासाठी मुळातच दुसऱ्या भाषेतला प्रश्न असतो.

असे ऐकण्याने काही साधते काय? या प्रश्नास आकड्यांत उत्तर देता येते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित अशा स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णास हळूहळू दैनंदिन कृतींकडे परत वळविण्याचा उपचार केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तीन महिन्यांनंतर ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली, तर केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातील तीस गावांच्या प्रकल्पाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या द्वारे काम झाल्यावर, नैराश्य असलेल्यांपैकी आरोग्यसेवेकडे वळणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून अठरा महिन्यांत २७.२ टक्क्यांवर गेले. झिंबाब्वेत प्रशिक्षित आजीबाई दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून हेच काम करतात. या तिन्ही ठिकाणी ऐकणारा मनुष्य बोलणाऱ्याच्या भाषेतला होता. भोर-वेल्ह्यात असा मनुष्य आशा कार्यकर्तीच्या रूपाने गावोगाव आहे. सप्टेंबर २०२० पासूनच्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत ज्या घरोघर भेटी झाल्या, त्यांत तापमान, प्राणवायूचे प्रमाण आणि जुने आजार यांची नोंद केली गेली. उंबऱ्यापर्यंत जाणारी वाट अशी तयार आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवाही मराठीसह अनेक भाषांत सुरू झाली. दूरध्वनीवर तर चेहरा दिसत नाही, सर्व भिस्त शब्दांवर असते. म्हणून पलीकडच्या माणसास 'करमंना' आणि 'उठवत नाही' यांचा अर्थ ठाऊक असणे तेथे अधिकच अगत्याचे.

नववा प्रश्न मृत्यूच्या विचारांविषयीचा आहे आणि तो विचारताना पुष्कळ कार्यकर्ते अडखळतात. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही भीती निराधार असल्याचे आजवरच्या संशोधनावरून दिसते. अडचण आहे ती उत्तराची. 'देवानं आता न्यावं', 'सुटका झाली तर बरं' ही वाक्ये म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी सवयीनेही असतात आणि ती ऐकून घरचे हसून सोडून देतात. 'जीव नकोसा झालाय' हे वाक्य त्यापुढचे. 'न्यावं' यात कर्ता देव आहे. 'जीव नकोसा झाला' यात कर्ता जीव आहे. 'जीव द्यावा वाटतो' यात देणारा मनुष्य स्वतः आहे. पहिल्या वाक्यानंतर बसून घ्यावे आणि बोलते ठेवावे. दुसऱ्यानंतर 'म्हणजे काय करावंसं वाटतं?' एवढे शांतपणे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत दुसरे काही बोलू नये. तिसरे ऐकल्यावर त्या माणसास एकटे ठेवू नये, घरातील औषधफवारणीचे विष व दोर नजरेआड करावेत आणि त्याच दिवशी त्यास डॉक्टरांपुढे न्यावे.